दगडावरचा बाण

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. भाचरांपैकी दोघांनी "मामा, ब्लॉग बंद केलास का?" असं विचारलंही. बंद केलेला नाही. एक पोस्ट लिहायची राहिली होती आणि ती लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच. आज ती लिहायला बसलोय. थोडी लांबेल. चहा घेऊन बसा.

विषय आहे वाटेवरच्या खुणा. म्हणजे झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर कुणीतरी रंगवून ठेवलेला पट्टा किंवा बाण, ज्याच्या भरवशावर आपण अनोळखी मुलखात चालतो. या बाणांशी माझं एक जुनं प्रकरण आहे. ते शेवटी सांगतो. आधी फ्रान्सला जाऊ.

2018 च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं पुतणीकडे पॅरिसला गेलो होतो. ती तिथे शिकायला होती. म्युझियमं, पूल, चर्च असं चार दिवस झाल्यावर हिचे गुडघे बोलायला लागले. मग एक दिवस ही घरी थांबली आणि मी व पुतणी गार द लियोंवरून लोकल पकडून फोंतेनब्लोला गेलो. पाऊण तासाचा प्रवास. तिथला राजवाडा प्रसिद्ध आहे, पण आम्हाला जायचं होतं जंगलात. ओक, बीच, पाइन, आणि मधूनच हत्तींचा कळप बसल्यासारखे वालुकाश्माचे गोल दगड. डोंगर म्हणाल तर आपल्या पर्वतीपेक्षा मोठं काही नाही. त्यामुळे मी जरा तोऱ्यातच होतो. तीस वर्षं सह्याद्रीत भटकलेला माणूस, त्याला या बागेत काय वाट चुकणार?

तासाभरात चुकलो. गप्पांच्या नादात कुठेतरी फाटा सुटला आणि आम्ही दगडांच्या घोळात शिरलो. सगळे दगड सारखे, सगळी झाडं सारखी, आणि चढउतार इतका थोडा की आपल्याकडे जशी सोंड, खिंड, ओढा यावरून दिशा धरता येते तसं काहीच नाही. मी "इकडूनच असणार" असं तीनदा म्हणालो. तिसऱ्या वेळी पुतणीने शांतपणे विचारलं, "काका, निळं शेवटचं कधी दिसलं होतं?"

निळं म्हणजे झाडांच्या खोडांवर आणि दगडांवर काढलेली बोटभर रुंद निळी रेघ. ती मी पाहिलीच नव्हती! म्हणजे डोळ्यांना दिसत होती, पण कानाडोळा केला होता. ही मुलगी मात्र निघाल्यापासून मोजत असावी तशी ती बघत होती. आम्ही उलटे फिरलो, दहा मिनिटांनी एका ओकवर निळी रेघ सापडली. शेवटची खूण दिसली होती तिथवर परत जायचं, हा पोरांना मी स्वतः शिकवलेला नियम. तो त्या दिवशी मला शिकवला गेला. :-)

त्या रेघेला हात लावून पाहिला. रंग ताजा होता. म्हणजे ओला नव्हे, पण त्याच वर्षीचा असावा असा. कोण येत असेल इथे डबा-ब्रश घेऊन? घरी आल्यावर शोधलं आणि एका विलक्षण माणसाची ओळख झाली.

क्लोद-फ्रांस्वा देनकूर, जन्म 1788. नेपोलियनच्या सैन्यातला शिपाई, लढाईत जखमी झालेला. पुढे फोंतेनब्लोच्या लष्करी बराकीत रखवालदाराची नोकरी मिळाली. पण डोक्यात प्रजासत्ताकाची हवा होती, आणि ती लपवायचा स्वभाव नव्हता. 1832 मध्ये नोकरी गेली. चाळिशी ओलांडलेला, राजकारणाने पोळलेला हा माणूस मग दिवसदिवस जंगलात भटकायला लागला. त्या काळी तिथे राजाच्या शिकारीसाठी आखलेले सरळसोट रस्ते होते आणि लाकूडतोड्यांच्या वाटा होत्या. उगीच चालायला येणाऱ्यासाठी काहीच नव्हतं. त्याने आधी प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. 1842 मध्ये पहिली पायवाट तयार केली आणि तिच्यावर निळे बाण रंगवले. फक्त हिंडण्यासाठी आखून, खुणा करून दिलेली जगातली ही पहिली पायवाट समजली जाते.

त्याची पायवाट कशी, तर मुद्दाम वाकडी. कुठे पोहोचवायची घाई नाही. दगडांच्या फटीतून नेईल, मग एकदम उघड्यावर काढेल, गुहा नसेल तिथे मजूर लावून खोदून घेईल. झाडांना, दगडांना नावं दिली, वर कथाही चिकटवल्या. (आपल्याकडे प्रत्येक टाक्याला पांडव आणि प्रत्येक भुयाराला पुण्यापर्यंतचा बोगदा चिकटतो, तसंच.) यासाठी स्वतःचे पैसे घातले, आणि पुस्तिका-नकाशे विकून आलेले पुन्हा त्यातच. 1849 मध्ये पॅरिसहून रेल्वे आली आणि रविवारी माणसं लोटायला लागली. टॉकीज नाही, टीव्ही नाही, पॅरिसमध्ये घाण आणि गर्दी. कारकून, शिंपी, दुकानदार बायकापोरांना घेऊन उतरायचे आणि निळ्या बाणामागून चालायला लागायचे. वाटाड्याला पैसे द्यायला नकोत, चुकायची भीती नको.

लेखक मंडळींना या म्हाताऱ्याचं कौतुक होतं. 1855 मध्ये त्याच्या सन्मानार्थ चाळीसएक लेखकांनी मिळून एक पुस्तक काढलं. त्यात बोदलेरचंही लिखाण आहे, जरी त्याने संपादकाला लिहिलेल्या पत्रात आपल्याला झाडाझुडपांबद्दल भरून वगैरे येत नाही असं स्पष्ट सांगितलं होतं! तेओफिल गोतिये या कवीने देनकूरला वनदेवतेच्या नावावरून 'सिल्व्हें' म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

सगळेच खूष होते असं नाही. जंगलाच्या कडेला बार्बिझों गावात चित्रकारांची वस्ती होती. जुने ओक तोडू नयेत म्हणून त्यांनीच आरडाओरडा केला आणि त्यातून 1861 मध्ये जंगलाचा हजार हेक्टरांहून मोठा भाग चित्रकलेसाठी म्हणून राखीव झाला. पण त्यांच्यातल्या काहींना हे बाण आणि बाणांमागून येणारे रविवारचे लोक नको होते. आता खरं सांगतो, मला त्यांचं म्हणणं पूर्ण चूक वाटत नाही. पावसाळ्यातल्या शनिवारी लोहगडावर जाऊन आलेल्या माणसाला ते कळेल. जिथे पोहोचायला आपल्याला दहा वर्षं लागली तिथे एखादा आडवा-तिडवा माणूस चपला घालून बाणामागून येतो, तेव्हा कुठेतरी दुखतंच. पण मग त्या दिवशी बाण न बघता चुकलेला मी कोण होतो? आडवा-तिडवा माणूसच की.

देनकूर 1875 मध्ये गेला. माझ्या दृष्टीने गोष्टीतला महत्त्वाचा भाग यानंतर सुरू होतो. त्याच्यामागे हे काम शार्ल कोलिने नावाच्या माणसाने उचललं. जुन्या वाटा राखल्या, नव्या काढल्या. त्याच्यानंतर, 1907 मध्ये, या जंगलाच्या मित्रांची एक संस्था निघाली. ती आजही आहे आणि स्वयंसेवक जाऊन निळा रंग देतात. म्हणजे मी 2018 मध्ये हात लावला ती रेघ 1842 पासून पुन्हापुन्हा काढली जाते आहे. झाड मरतं, साल सुटते, दगडावर शेवाळ चढतं, माणूस मरतो, आणि दुसरा कुणीतरी डबा घेऊन येतो.

हे लक्षात आल्यावर मी इतर ठिकाणच्या खुणांबद्दल वाचायला लागलो आणि पूर्वी पाहिलेल्या खुणा वेगळ्याच दिसायला लागल्या. 2011 मध्ये ऑफिसच्या कामाने प्रागला गेलो होतो. रविवारी ट्रामने शहराच्या टोकाला जाऊन चाललो होतो. तिथे खांबांवर, फाटकांच्या कडांना, मग झाडांवर तीन आडवे पट्टे होते. वर-खाली पांढरा, मध्ये लाल. तेव्हा वाटलं होतं नगरपालिकेचं काही असेल. ते होतं चेक पर्यटक मंडळाचं. 1888 मध्ये स्थापना, पहिले अध्यक्ष वोयटा नाप्रस्तेक. पुढच्याच वर्षी, मे 1889 मध्ये, त्यांनी पहिली वाट रंगवली, प्रागच्या दक्षिणेला वल्टावा नदीकाठाने, सेंट जॉनच्या नावाच्या खळाळांपर्यंत. ते खळाळ आता नाहीत. 1940 च्या दशकात धरण झालं आणि ते पाण्याखाली गेले. वाट मात्र वाढत गेली, आज त्या एवढ्याशा देशात 40,000 किलोमीटरहून जास्त वाटांवर हे पट्टे आहेत. लाल, निळा, हिरवा, पिवळा, चारच रंग. बाजूचे पांढरे पट्टे कशासाठी? संधिप्रकाशात लाल काळा दिसतो. पांढरा मात्र दिसतो. या वाटा बहुधा रेल्वे स्टेशनपासून किंवा बसथांब्यापासून सुरू होतात, म्हणजे गाडीतून उतरलेला माणूस थेट रंगाला लागतो. शहर कुठे संपलं आणि रान कुठे सुरू झालं, त्या पट्ट्याला फरक पडत नाही.

आणि प्रत्येक वाट साधारण दर तीन वर्षांनी पुन्हा रंगवायची असा त्यांचा शिरस्ता आहे. रंगवणारे पगारी नाहीत. पोस्टमन, मास्तर, निवृत्त माणसं.

याच देशात ऑगस्ट 1968 मध्ये रशियन रणगाडे शिरले, तेव्हा लोकांनी रातोरात रस्त्यांच्या पाट्या काढल्या, उलट्या फिरवल्या, रंगाने पुसल्या. काही ठिकाणी एकच पाटी ठेवली, मॉस्कोकडे जाण्याची. इंग्लंडनेही 1940 मध्ये जर्मन उतरतील या भीतीने दिशादर्शक पाट्या काढून टाकल्या होत्या. पाटी ही अशी भोळी वस्तू आहे. वाचणारा मित्र की शत्रू ते ती विचारत नाही.

स्वित्झर्लंडच्या पिवळ्या पाट्या आपल्यापैकी पुष्कळांनी टूरच्या बसमधून पाहिल्या असतील. त्यांच्यामागे योहान याकोब एस नावाचा शाळामास्तर होता. 1930 च्या दशकात क्लाउझन खिंडीतून पोरांची सहल नेताना मोटारींचे हॉर्न आणि धूळ यांनी मास्तर वैतागला, आणि चालणाऱ्यांना वेगळी वाट हवी म्हणून मागे लागला. 1934 मध्ये देशपातळीवरची संघटना झाली. त्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते. 'अमुक गाव, 1 तास 40 मिनिटं.' (आपल्या डोंगरातही अंतर वेळेतच सांगतात, फक्त त्यांचं "हे काय, इथंच" म्हणजे दोन तास.) पुढे 1979 मध्ये देशभर मतदान झालं, तीन चतुर्थांशाहून जास्त लोकांनी होकार दिला आणि पायवाटा थेट राज्यघटनेत गेल्या. एखादी वाट बंद करावी लागली तर तिच्या बदल्यात दुसरी द्यायची, असं तिथला कायदा सांगतो. आपल्याकडे चौपदरी रस्त्याखाली गेलेल्या जुन्या घाटवाटा आठवून मी उगाच एक सुस्कारा सोडला. असो.

स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेवरचे पिवळे बाणही एकाच माणसाने सुरू केले. ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचा पाद्री, एलियास वालिन्या. वाट हजार वर्षं जुनी, पण 1980 च्या सुमारास चालणारे वर्षाला काही शे, आणि वाट शोधूनही सापडेना. 1984 मध्ये हे गृहस्थ गाडीत पिवळा रंग टाकून निघाले. तो रस्त्यावर पट्टे मारून उरलेला रंग होता असं सांगतात. 1989 मध्ये ते वारले. त्या वर्षापर्यंतसुद्धा आकडा काही हजारांतच होता. 2019 मध्ये तो साडेतीन लाखांजवळ गेला. बाण आता वाटेवरच्या गावोगावच्या मंडळांचे लोक रंगवतात. आपल्या वारीला बाण लागले नाहीत, कारण पुढच्या माणसाची पताका हाच बाण. माझी आजी तीनदा पायी पंढरपूरला गेली, तिला वाट कशी सापडली असं विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता.

शहरातली गंमत वेगळी. रानात खुणा कमी म्हणून चुकतो, शहरात खुणा फार म्हणून. बॉस्टनला भाचीकडे गेलो तेव्हा फुटपाथवर एक लाल रेघ पाहिली. कुठे रंगाची, कुठे लाल विटांची. 1951 मध्ये विल्यम स्कोफील्ड या वार्ताहराने लिहिलं होतं की स्वातंत्र्ययुद्धाच्या जागा शहरभर विखुरल्यात आणि पाहुणे गोल-गोल फिरत राहतात, त्या एका वाटेत ओवा. 1958 मध्ये लाल रेघ आली. चार किलोमीटर, सोळा जागा. सोय उत्तम. पण मला एक जाणवलं. मी चार किलोमीटर खाली बघून चाललो. रेघ जमिनीवर सलग असली की डोकं वर होत नाही, आणि झाडावरच्या खुणेसाठी मात्र ते वर करावंच लागतं. दोन खुणांच्या मधल्या जागेत माणूस स्वतः चालतो. चांगला रंगवणारा म्हणे पुढची खूण जेमतेम दिसेल इतक्याच अंतरावर काढतो.

फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या वाटांना पांढरा-लाल पट्टा असतो, 1947 पासून. तिथे एक खूण अशी आहे की ती पाहून मी खरंच थांबलो होतो. फाट्यावर, चुकीच्या वाटेवर चार पावलं आत, पांढरी-लाल फुली. म्हणजे 'इकडे नाही'. बरोबर वाट दाखवणं पुष्कळांना सुचतं. चुकणारा कुठे चुकेल ते आधी जाऊन बघणं, आणि तिथे फुली काढणं, हे मला 1986 मध्ये सुचलं असतं तर ही पोस्ट लिहावी लागली नसती.

तर ते प्रकरण. डिसेंबर 1986. कॉलेजातले आम्ही चौघं कर्जतकडून भीमाशंकरच्या पठारावर चढणाऱ्या एका आडवाटेने गेलो. जाताना दोनदा चुकलो, म्हणून महिन्याभराने पांढऱ्या ऑइलपेंटचा पाव लिटरचा डबा आणि एक इंची ब्रश घेऊन परत गेलो आणि बाण काढले. चोवीस बाण. आकडा लक्षात आहे कारण वहीत अभिमानाने लिहून ठेवला होता. खाली ठाकरवाडीत पाणी प्यायला थांबलो, तेव्हा एक म्हातारबाबा म्हणाले, "कशापाई रंगवताय? वाट काय पळून जातीया?" आम्ही हसलो.

त्यातला सतरावा की अठरावा बाण ओढ्यात होता. ओढा ओलांडून डावीकडे कारवीत शिरायचं, ते कळावं म्हणून ओढ्याच्या पात्रातल्या एका छान सपाट दगडावर मी काढला. मी म्हणजे मीच, बाकी तिघं पुढे गेले होते. जानेवारीत ओढा कोरडा. दगड टेबलाएवढा. तो हलेल असं मनातही आलं नाही.

पुढची दोन वर्षं परीक्षा, नोकरी, बदली. तिकडे फिरकलो नाही. जुलै 1989 मध्ये माझा आत्येभाऊ बंडू ऑफिसातल्या पाच जणांना घेऊन त्याच वाटेने गेला. वाट त्याला मीच सांगितली होती. "बाण आहेत, बिनधास्त जा," असं म्हणालो होतो. बाण कुणी काढले ते सांगितलं नव्हतं, परत आला की ऐटीत सांगणार होतो. धुकं इतकं की दहा फुटांवरचं दिसेना. ओढ्यात बाण दिसला, तो उजवीकडे दाखवत होता. ते उजवीकडे गेले. तासाभराने कड्याच्या तोंडाशी एका अरुंद पट्टीवर अडकले. पुढे हवा, मागे निसरडा उतार. रात्रभर तिथे पावसात बसले. त्यांच्यातला एक जण मागे फिरायच्या प्रयत्नात घसरला, गुडघा गेला. सकाळी ठाकरवाडीतले लोक हाका ऐकून दोर घेऊन आले. गुडघा गेलेला मुलगा तेवीस वर्षांचा होता. तो पुढे कधी नीट चालला नाही.

बंडू घरी आल्यावर सगळं सांगत होता, आत्या रडत होती, आणि तो म्हणाला, "दादा, कुठल्या मूर्खाने तो बाण काढला होता कोण जाणे." मी म्हणालो, "असतात एकेक." चहा घेतला आणि घरी आलो.

त्यानंतरच्या दिवाळीत मी एकटा जाऊन पाहिलं. दगड होता. दोन पावसाळ्यांच्या पुरांनी तो पंधरा-वीस फूट खाली सरकवून फिरवला होता. बाण अगदी ठळक, कालच काढल्यासारखा. मी तो पहारीने उलथायचा प्रयत्न केला, एकट्याने हलला नाही. मग दगडाने घासून घासून पुसला. बाकीचे तेवीस तसेच सोडून आलो. खरं तर तेही पुसायला हवे होते, नाहीतर दरवर्षी जाऊन बघायला हवे होते. दोन्ही केलं नाही.

फोंतेनब्लोत त्या निळ्या रेघेवर हात ठेवून उभा होतो तेव्हा पुतणीने विचारलं, "काका, दमलात का?" हो म्हणालो.

यंदा फेब्रुवारीत पुन्हा गेलो. वाडीतला एक मुलगा बरोबर घेतला. वाट जवळजवळ मोडली आहे, आता गाडीरस्ता झाल्यामुळे वाडीतलेही तिथून चढत नाहीत. अकरा बाण सापडले, म्हणजे बाण नव्हेत, पांढुरके डाग. तारेच्या ब्रशने ते काढले. दोन दिवस लागले. ओढ्यातला दगड सापडला नाही. मुलगा म्हणाला, "तो गेला आसंल खाली धरणात."

बंडू, तू हे वाचतोस मला माहीत आहे. तो बाण माझा होता. तुझ्या त्या मित्राचा पत्ता मला हवा आहे. फोन कर, रात्री कितीही वाजता केलास तरी चालेल, जागाच असतो.